आण्णांचा आवाज किती तुटला होता

आमच्या वडलांना, म्हणजे आण्णांना, देवानं दिलेला आवाज एका माणसाच्या गरजेपेक्षा बराच जास्त होता. ते जनावरांच्या बाजारात दलाल होते. बाजाराच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या गिऱ्हाइकाला त्याच्याच बैलाचा दोष ऐकवायचे, आणि मधले सगळे बैल कान टवकारायचे. घरात ते हळू बोलले तरी शेजारची म्हातारी तिच्या ओसरीवरून उत्तर द्यायची. मी त्यांचा थोरला. माझ्या वाट्याला त्या आवाजातलं काहीच आलं नाही. मी बोललो की लोक आधी इकडंतिकडं बघतात, मग खाली बघतात.

बिडीनं त्या आवाजाचा घास घेतला. आधी घोगरेपणा, मग खोकला, मग गिळायला त्रास. औरंगाबादच्या डॉक्टरांनी गळ्यात नळी घालून बघितलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की माणूस वाचेल असं वाटतं, पण आवाजाची पेटी काढावी लागेल. मी ते आण्णांना सांगण्याची तयारी करत बाकड्यावर बसलो होतो, तर तेच म्हणाले, "सांगतोस का आता? का मीच इचारू त्याला? दाराला फट हाय बे, आयकलंय मी समदं."

ऑपरेशनची तारीख मिळाली आणि आम्ही तेलगावला परत आलो. त्या वेळी मी तेलगावात रस्त्याकडच्या एका गाळ्यात कॉम्प्युटरचा क्लास चालवत होतो. देशात सगळं खुलं झालं होतं. आमच्या भागात ते खुलं होणं पोचलं ते रंगीत पाट्यांच्या रूपात, आणि त्यातली सगळ्यात मोठी पाटी माझी होती. पाटीवर तीन कॉम्प्युटर रंगवलेले होते, आत एक होता. तोही पुण्यातल्या कुठल्याशा कचेरीनं काढून टाकलेला. त्याच्यावर पोरं शिकायची, लग्नाच्या पत्रिका जुळायच्या, आणि उरलेल्या वेळात मी पत्ते खेळायचो. लोक मला मास्तर म्हणायचे. मास्तरला स्वतःला काय येतं, हे विचारण्याइतकं कोणालाच येत नव्हतं, म्हणून चाललं होतं.

आवाज भरून ठेवायची कल्पना मायची. ती म्हणाली, "पेटी काढायच्या आधी तेन्ला बोलून घ्या की. लेकरं मोठी झाली की इचारतील, आजा कसा बोलायचा म्हून."

घरात टेपरेकॉर्डर होता. मी तो खाली काढायला गेलो तर आण्णांनीच अडवलं.

"त्याच्यात नको. पट्टा गुतून बसतो. न्हाईतर तूच उद्या वरून गाणे भरशील. तुझ्या डब्यात पट्टा हाय का?"

"न्हाई."

"मंग डब्यात भर."

आता डबा हा शब्द मला लागला होता, पण विश्वास टाकला होता तो माझ्या धंद्यावर. छाती फुगली. कॉम्प्युटर गाळ्यातून घरी आणला, ओसरीवर मांडला, साउंड कार्डाबरोबर आलेला बोरूएवढा माइक आण्णांच्या हातात दिला. त्यांनी तो बिडीसारखा धरला.

"काय बोलू बे?"

"काय बी बोला."

"काय बी बोलायला मी काय पुढारी हाय का?"

हे सगळं भरलं गेलं. पुढं काही सकाळी ते थोडं थोडं बोलले. बैलाचं वय कसं ओळखावं. धर्मापुरीच्या देवळापाशी एकदा रात्रीत बैल सुटले आणि सकाळी भलत्याच्याच दावणीला जाऊन कसे उभे राहिले. दिंद्रुडच्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी त्याचीच गाय परत कशी विकली, ही गोष्ट त्यांनी शपथेवर सांगितली आणि शेवटी शपथ मागं घेतली. मध्ये खोकला यायचा, तोही मी राहू दिला. शेवटच्या सकाळी ते दमले, माइक खाली ठेवला आणि भरणं चालूच आहे हे विसरून नेहमीसारखे आत बघून म्हणाले, "अगं ए, च्या ठेव." आतून मायचा आवाज आला, "ठिवलाय कवाचा." मग मी बटण दाबलं.

घरात पुढं सगळ्यांना आवडला तो हाच तुकडा. बैलांच्या गोष्टी बाजारात कोणीही सांगतं.

ऑपरेशन झालं. आण्णा वाचले. गळ्याला पुढून एक भोक, त्याच्यावर माय ओलं पातळ फडकं बांधायची, आणि श्वास तिथूनच. ओठ हलायचे, आवाज शून्य. काही हवं असलं की ते बाजेवर काठी आपटायचे. एकदा हट्टानं बाजारात जाऊन आले. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं ठरतच नाही. दलाल आणि गिऱ्हाईक टॉवेलाखाली हात घालतात, एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात, बघणाऱ्याला फक्त टॉवेल हललेला दिसतो. हात घट्ट धरला की सौदा झाला, हात काढून घेतला की मोडला. तेव्हा आण्णांना वाटलं होतं, गळ्याशिवायही आपला धंदा चालेल. चाललाही असता. पण संध्याकाळी घरी आल्यावर ते भिंतीकडं तोंड करून निजले. बरोबर गेलेल्या चुलत्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "लोक न झगडता हो म्हनू लागले रे त्यान्ला. घासाघीसच कोणी करीना." आण्णांना दया कळली होती. ते पुन्हा बाजाराला गेले नाहीत.

मग राहिला तो डबा. तो परत गाळ्यात गेलाच नाही, पोरंच शिकायला ओसरीवर यायला लागली. दुपारी लाइट असली की ते ओसरीवर खुर्ची ओढून बसायचे आणि मला बोट दाखवायचे. मी लावायचो. स्वतःचा आवाज ऐकताना त्यांचे ओठ बरोबर हलायचे, नि फडकं आतबाहेर व्हायचं. ते संपलं की मगच जेवायला बसायचे. त्याआधी ताट सरकवून द्यायचे. म्हणून मायच्या लेखी तो कॉम्प्युटर औषधाच्या बाटलीच्या जागी होता, आणि ती रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पदरानं पुसायची.

काही महिन्यांनी आवाज अडखळायला लागला. आण्णा बोलत असायचे, "बैलाचं वय बघायचं तर आधी..." आणि डब्यातून कट्, कट्, कट्. मग थोड्या वेळानं पुढचं वाक्य. पहिल्यांदा हे झालं तेव्हा आण्णांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू मीच त्यांना मध्ये तोडलं. मोठ्या आवाजाचा माणूस जन्मात कधी अडखळला नव्हता. आता गेलेला आवाजसुद्धा तोतरा व्हायला लागला होता.

मी मास्तर. कारण सांगणं भाग होतं. मी सांगितलं की डब्यात सगळं साठवायची डिस्क भरत आलेली, त्यात हा आवाज शेवटी आला. लग्नघरी उशिरा आलेल्या पाव्हण्यांचं होतं तसं त्याचं झालंय. दोघं ओसरीवर आडवे, एक गोठ्यापाशी, एक गाडीखाली. सकाळी सगळ्यांना गोळा करून एका पंगतीला बसवायला वेळ लागतो. तसे आण्णांच्या आवाजाचे तुकडे सापडेल त्या फटीत पडलेत, म्हणून अडखळतो. ते एका जागी आणायचा प्रोग्राम असतो. तो चालवला की झालं.

"मंग चालव की," माय म्हणाली. "काहून बसलास?"

मशीनबरोबर आलेला प्रोग्राम मी आधी नुसता तपासायला लावला. तो म्हणाला, फारच थोडं तुटलंय, आवरायची काही गरज नाही. मला हायसं वाटलं. आवाज मात्र अडखळतच होता. दुसऱ्या दिवशी तोच प्रोग्राम पुन्हा लावला तर त्यानं आकडा वाढवला. संध्याकाळी लावला तर कमी केला. मी काही केलं नव्हतं, नुसतं विचारलं होतं. माणसाला रोज तब्येत विचारली की तो रोज वेगळं सांगतो, तसं.

तेवढ्यात परळीहून दाजी आले. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे मालक. एका कचेरीत कॉम्प्युटरवर बसायचे, त्यामुळं आमच्या घरात कॉम्प्युटरचे दोन जाणकार झाले होते, आणि एका घरात दोन जाणकार हे दोन सवतींसारखं असतं. दाजींनी खिशातून फ्लॉप्या काढल्या. त्यांच्याकडं दुसरा प्रोग्राम होता, जास्त नवा, रंगीत. त्यांनी तो लावला. पडद्यावर बारीक चौकोनच चौकोन आले, लाल, निळे, पांढरे. माय बघून म्हणाली, "गोधडी शिवतंय का काय हे?"

गोधडी बघून दाजींनी निकाल दिला. "पाव्हणं, अर्ध्याच्या वर तुटलंय."

"माझा तर म्हणतोय, काहीच न्हाई."

"तुमचा म्हातारा हाय. त्याला दिसंना आता."

"अन् तुमचा कालचा पोरगा. त्याला जिकडंतिकडं लालच दिसतंय."

"बघा बरं का. न्हाई आवरलं तर एक दिवस सगळं ढासळंल. मग म्हनू नका, दाजीनं सांगितलं न्हाई."

दोघंही खरं बोलत होते, हे मला फार पुढं कळलं. माझा प्रोग्राम कुटुंबं, म्हणजे फायली, मोजत होता. लग्नघरी शंभर कुटुंबं आली, त्यातली नव्वदच्या वर एका जागी झोपली, तर तो म्हणणार, सगळं ठीक आहे. दाजींचा माणसं, म्हणजे फायलींचे तुकडे, मोजत होता. फुटलेली कुटुंबं थोडी, पण तीच सगळ्यात मोठी, म्हणजे आण्णांच्या आवाजाची. ती शेकडो जागी विखुरलेली, म्हणून त्याच्या लेखी अर्धं घर विस्कटलेलं. शिवाय जुन्या मशीनला स्मरण कमी. ते चालताना थोडं थोडं डिस्कवरच लिहून ठेवायचं, त्याची जागा घटकेत फुगायची, घटकेत आटायची. माझा तो पसारा वगळायचा, दाजींचा धरायचा, आणि मोजता मोजताच तो बदलायचा. म्हणून सकाळचा आकडा संध्याकाळी जुळायचा नाही.

आणि एक गोष्ट दोघंही मोजत नव्हते. पाव्हणे झोपले होते ती जमीनच खचत होती. तो कट् कट् आवाज विखुरल्याचा नव्हता. डिस्कवरची ती जागा मरत होती, आणि सुई तिथं पुन्हा पुन्हा जाऊन वाचायची खटपट करत होती. त्या दिवशी आम्हा दोघा जाणकारांना यातलं काहीही माहीत नव्हतं. नुसती एक भीती मला होती. मी ती बोलून दाखवली.

"दाजी, आवरायचं म्हणजे सगळं उचलून हिकडचं तिकडं ठेवायचं. मधेच लाइट गेली तर?"

आमच्या भागात लाइट मधेच जाणार की नाही, हा प्रश्न नसायचा. आवरायला अख्खा दिवस लागणार होता.

"मग फ्लॉपीवर काढून ठेवा आधी," दाजी म्हणाले.

काढून बघितलं. लहान तुकडे आले. मोठे एका फ्लॉपीत मावेनात, आणि चहाचा तुकडा, सगळ्यांच्या आवडीचा, मध्यापर्यंत येऊन थांबला. पडद्यावर आलं की वाचता येत नाही. पुन्हा काढला, पुन्हा तेच. आतून तो खडखडाट. आण्णा खुर्चीत बसून आमच्या तोंडांकडं बघत होते. आम्ही दोघं इंग्रजी शब्द वापरून भांडत होतो, पण तोंडं मराठीच होती. त्यांना सगळं समजत होतं.

दाजी म्हणाले, "माझा प्रोग्राम लावूच. जे व्हईल ते व्हईल. असं बी जातंयच."

मी म्हणालो, "नको. माझाच लावू. निदान तो कमी हलवल."

"तुमच्यानं अडखळणं जाणार न्हाई."

"तुमच्यानं आवाजच जाईल."

चुलीपुढून माय उठून आली. "तुमचं कोणाचं बी खरं असू द्या. आवाज कोणाचा हाय? तेन्ला इचारा."

आण्णांनी काठी आपटली. मी जवळ गेलो, पाटी-पेन्सिल पुढं केली. त्यांनी ती बाजूला सारली, खांद्यावरचा टॉवेल काढला, माझ्या उजव्या हातावर टाकला आणि खालून माझा हात धरला.

मी चाळिशीकडं निघालेला माणूस, पण त्या टॉवेलाखाली कधी गेलो नव्हतो. त्यांनीच मला लहानपणी बाजारापासून लांब ठेवलं होतं, शीक म्हणून. त्यांनी माझं एक बोट दाबलं आणि माझ्याकडं मान हलवली. म्हणजे तुझा. मग दोन बोटं दाबली आणि दाजींकडं बघितलं. म्हणजे त्याचा. मी विचारलं, "कोणता आण्णा? एक का दोन?" त्यांचा हात गरम होता, आणि हलका झाला होता. त्यांनी क्षणभर तसाच धरून ठेवला. मला वाटलं आता घट्ट दाबतील.

त्यांनी हात काढून घेतला.

सौदा मोडला. एकही नको. दाजी काही बोलणार होते, पण जनावरांच्या बाजारातलं एवढं त्यांनाही ठाऊक होतं की हात निघाल्यावर बोलायचं नसतं. आण्णांनी काठीनं फळीवर दाखवलं. तिथं टेपरेकॉर्डर होता, त्याच्यावर मायनं पापडाची पिशवी ठेवलेली.

मी कसाबसा म्हणालो, "आण्णा, तुमीच तर म्हणलते, पट्टा गुततो म्हून."

ते हसले. हसताना आवाज येत नाही म्हणून ते ऑपरेशननंतर हसायचं टाळत. त्या दिवशी हसले, आणि फडकं फुगलं.

कोरी कॅसेट नव्हती. बहिणीच्या लग्नातल्या गाण्यांची एक होती. पुसली जाऊ नये म्हणून तिच्या पाठीवरची टिकली मीच मोडली होती. त्या भोकावर चिकटपट्टी लावली, म्हणजे पुन्हा भरता येतं. टेप स्पीकरपुढं विटांवर मांडला, पोरांना गल्लीत हाकललं, शेजारच्या म्हातारीला हात जोडले, आणि लाइट असेपर्यंत एकेक तुकडा लावत गेलो. आण्णा टेपला लागूनच बसले होते, रोजच्यासारखे, ओठ हलवत.

सगळं आलं, तुटत तुटत. बैलाचं वय अर्धवट आलं. धर्मापुरीचे बैल सुटले ते कोणाच्या दावणीला गेले, ते गळालं. दिंद्रुडची गाय मात्र धडधाकट आली, शपथेसकट. खोट्याला तोटा नाही, असं दाजी पुटपुटले, तेही टेपवर आहे. शेवटी चहाचा तुकडा लावला. डबा खूप वेळ खडखडला. आण्णांचा आवाज आला, "अगं ए..." आणि पुढं काही नाही. कट्, कट्. मग मायचं "ठिवलाय कवाचा".

काही दिवसांनी कॉम्प्युटर सुरूच व्हायचा थांबला. माजलगावच्या दुकानदारानं डिस्क कानाशी धरून हलवली आणि परत दिली. दाजी आजही म्हणतात, त्यांचा प्रोग्राम लावला असता तर त्यानं मेलेल्या जागा सोडून सगळं सुखरूप दुसरीकडं नेऊन ठेवलं असतं. मी म्हणतो, खडखडणाऱ्या डिस्कला दिवसभर पळवलं असतं तर दुपारीच गेली असती. दरवर्षी राखीला आमचं हे होतं. दोघांपैकी कोणाला सिद्ध करता येत नाही, म्हणून नातं टिकून आहे.

आण्णा त्यानंतर फार राहिले नाहीत. आजार गळ्यातून खाली उतरला होता. ऊसतोडीच्या टोळ्या गावातून निघायच्या दिवसांत, सगळीकडं ट्रॅक्टरांचा आणि निघणाऱ्यांना हाका मारणाऱ्या लोकांचा गोंगाट असताना ते गेले. शेवटी काठीही आपटली नाही. माय म्हणाली, "लई गपचूप गेले. तेन्ला शोभलं न्हाई."

दिवसकार्य झाल्यावर तिनं कॅसेट लावायला सांगितली. आम्ही सगळे बसलो. मी तो टेप भरल्यापासून नीट ऐकला नव्हता. गोष्टी गेल्या, गाय विकली गेली, चहाचा तुकडा आला. "अगं ए..." आणि डब्याची खडखड.

पण त्या खडखडीत आणखी काहीतरी होतं. मी आवाज वाढवला. अगदी जवळून, गळ्यातल्या भोकातून हवा बाहेर पडल्याचा आवाज. दोन फुंकरा. एक लहान, एक जरा लांब. डबा अडला तिथं आण्णांनी, टेपला लागून बसून, ते शब्द आपल्या तोंडानं भरले होते. आवाज नव्हता, म्हणून नुसती हवा भरली गेली.

टेपमधली माय म्हणाली, "ठिवलाय कवाचा."

आमच्यात बसलेली माय उठली, पदर खोचला आणि चुलीकडं गेली. पातेल्यात पाणी पडल्याचा आवाज आला. दाजींनी माझ्याकडं बघितलं, मी दाजींकडं. टेप बंद करायला दोघांपैकी कोणीच हात पुढं केला नाही. तो पुढं तसाच चालू राहिला, आणि पुसायची राहून गेलेली बहिणीच्या लग्नातली गाणी लागली.